बर्फाच्या डोंगरावर दम खाताना

ज्यांच्या हातात नुकताच छातीच्या फोटोचा तो मोठा तपकिरी लिफाफा आला आहे, आणि तो घरी उघड न्यावा की लपवून, एवढ्याच विचाराने जे दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी तो सदऱ्याच्या आत घालून नेला होता. त्यामुळे मंगळवार पेठेतून घरापर्यंत मला ताठ चालावं लागलं. गल्लीतल्या एका गृहस्थांनी नंतर आईला सांगितलं म्हणे, मास्तर झाल्यापासून तुमच्या पोराची मान लई ताठ झाली.

मी आता बरा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी आजारी असताना असली कथनं वाचायला घेतली की आधी शेवटचं पान उघडून माणूस जगला का ते बघायचो.

फोटोचा दिवस

माझे वडील गुऱ्हाळावर गुळव्या होते. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे ते नुसत्या वासावरून सांगत. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेला मी पहिला. बी.ए. झालो, बी.एड. झालो, कोल्हापुरातच हायस्कुलात इतिहास शिकवायला लागलो. लग्न झालं, मुलगी झाली. तिचं नाव छबी. ती रांगायला लागली तेव्हा मला खोकला लागला. खडूच्या भुकटीचा असेल म्हणून मी बरेच दिवस काढले. एकदा वर्गात रुमाल तोंडाशी धरला आणि तो लाल झाला, तेव्हा मुख्याध्यापकांनीच मला सरकारी दवाखान्यात पाठवलं.

फोटो काढणाऱ्या माणसाने मला एका गार पत्र्याला छाती लावून उभं केलं, आपण आत गेला आणि ओरडला, "दम धरा."

आमच्याकडे दम धरा म्हणजे घाई करू नका, थांबा. मी सकाळपासून रांगेत होतो. मी म्हणालो, "धरलाय की, सकाळधरनं."

बोललो त्यामुळे छाती हलली आणि फोटो बिघडला. तो माणूस बाहेर आला आणि म्हणाला, मास्तर दिसताय, मग श्वास कोंडून धरायला सांगितलेलं कळत नाही होय? दुसऱ्या वेळी मी दम धरला तो असा की त्याने "सोडा" म्हटल्यावरही सोडायचं सुचेना. आम्ही दोघंही हसलो. त्यानंतर बरेच दिवस मी हसलो नाही, म्हणून ते हसू नीट लक्षात आहे.

डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला, डाव्या बाजूवर बोट ठेवलं आणि टीबी म्हणाले. पुढे ते बरंच काही समजावून सांगत होते. आता औषधं आहेत, पूर्वीसारखं राहिलं नाही, वगैरे. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. सकाळी निघताना छबीने माझ्या तोंडातलं बिस्कीट काढून खाल्लं होतं.

(तिला काही झालं नाही. तिचीही तपासणी झाली. ज्यांना लहान मुलं आहेत त्यांनी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं, लाजू नये.)

वॉर्ड

इंजेक्शनं आणि गोळ्या घेऊनही डाव्या बाजूचा एक भाग काही सुधारेना. शेवटी तो काढून टाकायचं ठरलं आणि मला लांबच्या मोठ्या रुग्णालयात हलवलं. आज पाठीवर खांद्याच्या हाडाखालून बगलेपर्यंत एक वळलेला वण आहे.

वॉर्डातला दिवस फार लवकर सुरू होई. थर्मामीटर, इंजेक्शन, दूध, उकडलेलं अंडं. मग डॉक्टरांची फेरी. मग रिकामा वेळ, जो सगळ्यात जड. माझ्या शेजारच्या खाटेवर शिवाजी पेठेतले बाबूभाई होते. लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. डॉक्टर रोज विचारायचे, दम लागतो का? बाबूभाई रोज एकच उत्तर द्यायचे. "दम हाय म्हणूनच लागतोय की, सायेब. ज्याच्यात न्हाई त्याला काय लागणार?" डॉक्टर हसत, आम्ही हसत, आणि मग कुणीतरी खोकत असे.

समोरची खाट दोनदा रिकामी झाली. एकदा माणूस घरी गेला म्हणून. दुसऱ्या वेळी काय झालं ते आम्ही विचारलं नाही. भीतीबद्दल मला एवढंच सांगता येतं की ती सारखी नसते. दुपारी जेवताना नसते. दिवेलागणीला येते.

ऑपरेशननंतर सिस्टरांनी मला पुन्हा श्वास घ्यायला शिकवलं. त्या केरळच्या, मराठी वॉर्डातच शिकलेल्या. त्यांच्याकडे रबरी नळीने जोडलेल्या दोन बाटल्या होत्या. एकीतलं लाल पाणी फुंकून दुसरीत न्यायचं. टाके ओढत, डोळ्यांत पाणी यायचं. सिस्टर पलंगाशी उभ्या राहून म्हणायच्या, हळू, मास्तर, पाणी कुठे जात नाही. पुढे त्या पेटलेली मेणबत्ती माझ्यासमोर धरायला लागल्या. ज्योत फुंकून वाकवायची, पण विझू द्यायची नाही. जोरात फुंकलं की विझायची, आणि त्या पुन्हा काडी ओढायच्या. किती काड्या त्यांनी माझ्यासाठी ओढल्या असतील! जिना चढायचाही त्यांनीच शिकवला. पायरी चढताना श्वास सोडायचा, थांबायचं, घ्यायचा, मग पुढची. दम लागल्यावर थांबायचं नाही, लागायच्या आधी थांबायचं. आमच्या भाषेत याला दम खाणं म्हणतात. मी ते एकतीस वर्षांच्या म्हाताऱ्यासारखा शिकलो.

घर

मी दवाखान्यात गेलो त्याच आठवड्यात माझे सासरे आले आणि माझ्या बायकोला, सुमनला, आणि छबीला वारणानगरला घेऊन गेले. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. ते तिथल्या साखर कारखान्यात गव्हाणीवर, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या फिरत्या पट्ट्यावर, मुकादम होते. तालमीत वाढलेला माणूस, आवाज मोठा, मिशा मोठ्या. ते माझ्याशी वाईट वागले असं मी म्हणणार नाही. भेटीच्या दिवशी सुमनला घेऊन ते स्वतः यायचे, आणि आम्हाला बोलता यावं म्हणून स्वतः फाटकाशी तंबाखू मळत उभे राहायचे. छबीला मात्र आणत नसत. आणावं असं मलाही वाटत नव्हतं.

मी बरा होऊन घरी आलो. डॉक्टरांनी लिहून दिलं की आता या माणसापासून कुणाला धोका नाही. शाळेने माझी जागा राखून ठेवली होती, हे मुख्याध्यापकांचे उपकार. आईने घर सारवून ठेवलं. पण सुमन आली नाही.

मी वारणानगरला गेलो. मामांनी मला अंगणात बाजेवर बसवलं, चहा दिला. छबी दारातून बघत होती. तिला कुणीतरी उंबऱ्याच्या आत राहायला शिकवलं होतं. मग मामांनी मला त्यांच्या धाकट्या भावाची गोष्ट सांगितली. त्यालाही हाच रोग झाला होता, गोळ्या निघायच्या आधी. त्यालाही बरा झाला म्हणून घरी पाठवलं. उन्हाळाभर चांगला फिरला, बैलं हाकली. माघात थंडी पडली आणि गेला.

"डाक्टरचं यंत्र काय बी सांगंल, पावणं," ते म्हणाले. "त्याच्या बी येळेला सांगितलं हुतं. थंडीत टिकल्यालं मी माझ्या डोळ्यानं बघीन, मगच पोरगी धाडीन."

सुमन आतून म्हणाली, "मग काय त्यास्नी बर्फात नेऊन ठेवताय?"

ती रागाने बोलली होती. मामांनी ते मनावर घेतलं.

सहल

त्या वर्षी ऊस कमी होता आणि गाळप लवकर आटोपलं. कारखान्याच्या कामगारांनी काश्मीरची सहल काढली. प्रत्येकाला घरचं एक माणूस नेता येत होतं. मामींची फार इच्छा होती. मामांनी माझं नाव दिलं. मामी मला म्हणाल्या, "जावा तुमी, मी कवा बी जाईन." त्या कधीच गेल्या नाहीत.

मी डॉक्टरांना विचारायला गेलो. त्यांनी खिडकीबाहेर बघत विचार केला आणि म्हणाले, जा, पण वर मुक्काम करू नका. दिवसाउजेडी वर जा, दिवसाउजेडी खाली या, आणि सिस्टरांनी शिकवलंय तसं चाला. मला मरणाची भीती होती की मामांच्या परीक्षेत नापास व्हायची, हे सांगता येत नाही. बहुधा दुसरीच.

रेल्वेने आणि मग घाटातल्या बसने आम्ही श्रीनगरला पोचलो. प्रवासभर डब्यात कांदा-लसणाच्या चटणीचा वास होता. मामा माझ्यासमोर बसत आणि मी खोकलो की वर बघत. मला साधा ठसका लागला तरी ते वर बघत. मी ठसका गिळायला शिकलो, आणि ठसका गिळला की जास्त येतो हेही शिकलो.

गुलमर्गची सहल एका दिवसाची होती. सकाळी बसमध्ये गाइड चढला. त्याचं नाव रशीद. पायघोळ झग्याच्या आत निखाऱ्यांची टोपली धरून बसणारा, माझ्याच वयाचा हसरा माणूस. त्याने वाटेतच सांगून ठेवलं की वर हवा विरळ आहे, पहिल्या तासात कुणी पळायचं नाही, चढताना जिथे मी सांगेन तिथे थांबायचं. मागून एकाने विचारलं, वर मटण कसं मिळतं? रशीद म्हणाला, मटण पळत नाही, साहेब, तुम्हीही पळू नका. बस हसली. ऐकलं कुणीच नाही.

पायथ्याच्या गावी भाड्याचे लांब कोट आणि गमबूट मिळाले. कोटांना कुणाकुणाच्या घामाचे वास होते. मामांचा कोट त्यांच्या छातीवर बसेना, म्हणून पुढून उघडाच राहिला. तिथून चाकांना साखळ्या बांधलेल्या लहान गाड्यांतून आम्ही वर गेलो.

गाडीतून उतरलो आणि मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो. एवढं पांढरं मी कधी पाहिलं नव्हतं. काळीकुट्ट देवदारं, आणि त्यांच्यामधून वरपासून खालपर्यंत सरळ उतरलेला बर्फाचा उतार. त्यावरून पायांना लांब फळ्या बांधलेली माणसं, हातात दोन काठ्या घेऊन, सुऱ्या फिरल्यासारखी खाली येत होती. आमच्यातल्या एकाने विचारलं, ही माणसं एवढी घाईत कुठं निघाल्यात? रशीद म्हणाला, कुठेही नाही, खाली जातात आणि पुन्हा वर जातात. मामा म्हणाले, "म्हंजे आमच्या गव्हाणीसारखंच झालं की."

हवा नाकात शिरली तेव्हा टोचली. मी मनात सिस्टरांची मेणबत्ती धरली आणि हळू सोडली. छातीत डावीकडे ओढ बसली, वणाजवळ, आणि सैल झाली. एवढंच.

चढ

उताराच्या निम्म्यावर एक लाकडी टपरी होती. तिथून लाकडी घसरगाड्यांवर बसून खाली यायचं, असा कार्यक्रम. तिथवर चालत चढायचं. मी सगळ्यांच्या मागे होतो. पाय टाकताना श्वास सोडायचा, थांबायचं, घ्यायचा. माणसं माझ्या पुढे गेली, ओरडत, एकमेकांवर बर्फ फेकत. मामा पुढे जात आणि वळून माझ्याकडे बघत. त्यांच्या नजरेत ती सबंध परीक्षाच होती, हा आता बसतो की मग बसतो.

पहिल्या वळणावर रशीदने हात वर केला. मामांचा चेहरा लाल झालेला त्याने पाहिला असावा. तो अदबीने म्हणाला, "दम लीजिए, साहब. थोड़ा दम लीजिए."

मामा थांबले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय म्हंतोय त्यो? मला दम लागला म्हंतोय व्हय?"

मी खालून म्हणालो, "नाही मामा, तो बसा म्हणतोय. विसावा घ्या म्हणतोय."

"दम हाय म्हणावं. लई हाय. इचारायचं कारन न्हाई."

मला पुढे काही म्हणता आलं नाही, कारण बोललो असतो तर माझाच दम गेला असता. रशीदला वाटलं मामांना ऐकू गेलं नाही, म्हणून तो पुन्हा मोठ्याने म्हणाला, "दम लीजिए!" झालं. सगळ्या कारखान्यासमोर कुणीतरी दोनदा त्यांचा दम काढला. मामांनी कोट मागे सारला आणि आखाड्यात उतरावं तसे ते चढायला लागले. गमबूट बर्फात गुडघ्यापर्यंत रुतत होते, ते उपसत, रशीदला मागे टाकून.

टपरीच्या थोडं खाली ते एकदम खाली बसले. आधी मला वाटलं घसरले. मग दिसलं की त्यांचा हात गळ्याशी गेला आहे.

मी धावलो नाही. आजही कुणी विचारतं, धावला नाहीत? नाही. माझ्या पायांना धावायचं नव्हतं आणि मी धावलो असतो तर तिथे दोन माणसं बसली असती. मी त्याच चालीने त्यांच्यापर्यंत पोचलो. रशीद घसरगाडी आणायला वर गेला. मामांचा चेहरा काळवंडला होता, ओठ निळसर. ते भरभर श्वास घेत होते, वरच्यावर, कुत्र्यासारखे. डोळे मोठे झाले होते. तसे डोळे मी वॉर्डात पाहिले होते. त्या भरदार माणसाला मरणाची भीती वाटत होती आणि ती लपवण्याएवढाही श्वास त्याच्याकडे नव्हता.

मी त्यांच्यासमोर बर्फात गुडघे टेकले आणि त्यांच्या तोंडासमोर माझं बोट उभं धरलं.

"मामा, हिकडं बघा. ही मेणबत्ती हाय. फुंकून वाकवायची. विझवायची न्हाई."

त्यांनी जोरात फुंकलं.

"विझली. परत. हळू."

पुन्हा जोरात. मी पुन्हा म्हणालो, विझली. त्यांना खोकला आला, तो जाऊ दिला. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्याबरोबर सोडला. मी सोडायचो, ते सोडायचे. त्यांचा श्वास माझ्या बोटावर गरम लागत होता. आमच्या आसपास माणसं जमली होती, कुणी म्हणे पाणी पाजा, कुणी म्हणे कांदा हुंगवा. मी कुणाकडे बघितलं नाही. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले. ओठांचा रंग बदलला.

रशीदने त्यांना घसरगाडीवर बसवलं आणि दोघा माणसांनी ती सावकाश खाली नेली. मी बाजूने चालत उतरलो. मामांनी माझ्या कोटाची बाही धरून ठेवली होती. खाली पोचेपर्यंत सोडली नाही.

चहाच्या दुकानात

खाली शेकोटी असलेल्या एका चहाच्या दुकानात आम्ही दोघं बसून राहिलो. बाकीचे बर्फात होते. एक डॉक्टर प्रवासी भेटले, त्यांनी मामांची नाडी बघितली आणि म्हणाले, चढायला घाई केली, दुसरं काही नाही, आता खाली उतरा. मामा दोन चहा प्याले. बाहेर फळ्या बांधलेली माणसं खाली येत होती आणि पुन्हा वर जात होती.

मग मामा म्हणाले, "तुमाला काय झालं न्हाई."

"मी सावकाश आलो, मामा."

"व्हय. बगत हुतो की मी."

मला वाटलं विषय संपला. पण ते शेकोटीकडे बघत म्हणाले, "आमच्या पांडूला हे कुणी शिकिवलं न्हाई. त्यो असाच करायचा, शेवटाला. आमी त्याला म्हणायचो, गड्या, जोर लाव. जोर लाव म्हणायचो आमी त्याला."

त्यांचे डोळे भरले. पांडू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, हे मला तेव्हा कळलं. नाव त्यांनी पूर्वी कधी घेतलं नव्हतं. त्या काळी गोळ्या नव्हत्या, कुणी काही शिकवलं असतं तरी काय झालं असतं कुणास ठाऊक. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण ऐकलं असं वाटलं नाही. आम्ही उजेड असतानाच खाली उतरलो.

परत

परतीच्या वाटेवर मामांनी सुमनचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. मी ठसकलो तर ते वर बघत नव्हते, एवढा फरक. कोल्हापूरच्या स्टेशनावर त्यांनी मला नुसतं "येतो" म्हटलं आणि वारणानगरची एसटी धरली. मी घरी आलो. आईने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, काही नाही.

सोमवारी मी शाळेतून आलो तर दारात मामांच्या वहाणा. ते आईला सांगत होते, "इहीनबाई, पोरीला आनून सोडलीया. आता सणाला तेवढी धाडा." पुढे माझ्याकडे वळून, आवाज बारीक करून त्यांनी विचारलं की त्यांच्या गव्हाणीवरच्या एका कामगाराच्या छातीचा फोटो काढलाय, त्याला घेऊन आलो तर चालेल का? मी म्हटलं, आणा. त्यानंतर बरीच माणसं आली. मी डॉक्टर नाही, मी फक्त एवढं सांगतो की गोळ्या मध्येच सोडू नका, आणि चढताना घाई करू नका. बाबूभाईही येतात कधी. त्यांचं क्लॅरिनेट सुटलं ते सुटलंच. आता बँडात ढोल वाजवतात आणि म्हणतात, याला फुंकावं लागत नाही, हेच बरं.

त्या सोमवारी सुमन चुलीशी गेली, जणू मधली दोन वर्षं झालीच नाहीत. छबी मात्र उंबऱ्यात बसून राहिली. तिला शिकवलं होतं तेवढ्या अंतरावर. ती मला ओळखत नव्हती आणि मी तिला बोलावलं नाही. मी बाजेवर वह्या तपासत बसलो. ती बघत होती, मी बघत नव्हतो. सुमन दोनदा बाहेर येऊन आम्हा दोघांकडे बघून गेली.

दिवस कलताना शेजारच्या मुली खेळायला हाक मारत आल्या. छबी न्हाणीत हात धुऊन आली. पुसायला काही दिसेना. ती इकडे तिकडे बघत सरळ माझ्याजवळ आली, माझ्या सदऱ्याला दोन्ही हात खसाखसा पुसले आणि पळाली.

सुमन आतून ओरडली, "अगं, बाबांच्या सदऱ्याला काय पुसतीस?"

मी म्हटलं, पुसू दे.